कालिंदीचा शिरा आणि जयवंतचा दम

गेल्या हिवाळ्यात डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत एक कुजबुज फिरत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कालिंदी आंगणेने म्हणे नवऱ्याचा दम खाल्ला. माहेरहून येतानाच टीबी घेऊन आली, लग्नात लपवला, आणि इतकी वर्षं उशाशी झोपून थोडा थोडा नवऱ्याच्या छातीत उतरवला. नाहीतर जयवंतसारखा गडी असा बसतो का?

आता कुजबुज कोणी सुरू केली हे मी सांगणार नाही. मीराबाई तळमजल्यावर राहतात, एवढंच सांगतो.

आधी जयवंतची ओळख करून देतो, म्हणजे ही कुजबुज लोकांना एवढी का रुचली ते कळेल. जयवंत कबड्डीवाला. परळ, लालबाग, प्रभादेवी, कुठेही दिव्याखालचे सामने असले की एकेकाळी लाउडस्पीकरवर त्याच्या नावाची आरोळी व्हायची. खेळाच्या जोरावर बँकेत चिकटला आणि आता चाळिशी उलटून गेल्यावर संध्याकाळी पोरांना शिकवतो. मांड्या खांबासारख्या. छाती अशी, की इस्त्रीवाला त्याच्या शर्टाला वेगळा दर लावायचा म्हणतो. पण त्याची खरी मिजास दमाची. एकदा श्वास भरून ‘कबड्डी कबड्डी’ सुरू केलं की समोरच्या संघाला चहा पिऊन येता येईल, असं आम्ही म्हणायचो. हल्ली चढाईला घड्याळ लागलं, लांब दमाला कोणी विचारत नाही. आमच्या चाळीला मात्र हे अजून कोणी कळवलेलं नाही. आमच्याकडे माणसाची तब्येत आजही दमावरच ठरते.

आणि कालिंदी? वारा आला तर गॅलरीचा कठडा धरून उभी राहावी अशी. अंगाने काडी, पण जेवायला बसली की नवऱ्याच्या ताटाकडे आशेने बघते. गावाहून, मसुऱ्याहून तांदूळ येतो तो तिच्यामुळेच संपतो. “खाते कुठे आणि जाते कुठे?” असं तिची सासू मरेपर्यंत विचारत होती. त्याच सासूने जाताना कालिंदीच्या हवाली चाळीचा टोप केला.

हा टोप म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण असतो. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू. प्रसादाचा शिरा एका घरात होतो, आणि ज्या घरात होतो त्या घरात चाळीचा पितळी टोप वर्षभर राहतो. हा टोप पूर्वी कालिंदीच्या आजेसासूकडे होता, मग सासूकडे आला, आणि आता कालिंदीकडे आहे. चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी दर निवडणुकीत बदलतो. टोप बदलत नाही.

तर झालं असं, की गणपतीनंतर जयवंतला खोकला लागला. समोर टॉवर चढतोय, त्याची धूळ दिवसभर आमच्या वरणात पडते, त्यामुळे खोकला कोणालाच नवा नव्हता. पण हा खोकला नवरात्र आलं तरी हटेना. शेवटी हितेंद्रने निकाल लावायचं ठरवलं. हा हितेंद्र जयवंतचा जुना जोडीदार, डावा कोपरा सांभाळायचा, आणि सध्या चाळीचा सेक्रेटरी.

“जया, दम लाव,” तो गॅलरीत म्हणाला. “डॉक्टर-बिक्टर नंतर बघू.”

झालं! सगळी चाळ कठड्याला लागली. जयवंतने जिन्याशी श्वास भरला आणि निघाला. कबड्डी कबड्डी करत नळापर्यंत, तिथून परत जिन्यापर्यंत, पुन्हा नळापर्यंत. डोळे पांढरे झाले, पण आवाज तुटला नाही. टाळ्या पडल्या. हितेंद्रने जाहीर केलं, “फुप्फुस एकदम ओके.”

मग कोणीतरी टूम काढली, की वहिनींचाही दम बघू. कालिंदी पदर खोचून आली, श्वास घेतला, चौथ्या ‘कबड्डी’ला तिला हसू फुटलं आणि दम तिथेच तुटला. सगळे हसले. मीराबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते मनात ठेवून दिलं. त्यांच्या मनात गोष्ट गेली की लोणच्यासारखी मुरते.

दिवाळीच्या तोंडावर मैदानात पोरांना शिकवताना जयवंतला खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर लाल डाग दिसला. त्या दिवशी तो रुमाल खिशात कोंबून घरी चालत आला.

दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा सोबत कोण, हा प्रश्न. हितेंद्रला न्यावं तर सगळ्या संघाला कळणार. कालिंदी म्हणाली, “गंगाधरकाकांना नेऊया. बाहेर राहिले तर अंदाजाने सांगत फिरतील. आत बसले तर निदान खरं तरी सांगतील.”

गंगाधरकाका म्हणजे मी. एवढी अचूक पारख माझ्या बायकोलाही जमली नव्हती.

छातीच्या डॉक्टर म्हणजे अनुजा, फणसवाडीतली मुलगी, बोलणं स्वच्छ, पुण्याकडचं वाटावं असं. थुंकी तपासून झाली होती, एक्स-रे दिव्यावर लावला होता. उजव्या बाजूला वर लिंबाएवढा काळा गोल.

“टीबी आहे,” ती म्हणाली. “सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्यात तर बरा होईल. हा जो गोल दिसतोय ना, हा खड्डा आहे.”

जयवंतला राग आला. घाबरला की त्याला राग येतो. “खड्डा? अहो डॉक्टर, महिन्यापूर्वी मी दम लावलाय. सगळ्या चाळीने बघितलाय.”

“कशाने दम लावलात?”

“कबड्डीचा दम!”

अनुजाने माझ्याकडे बघितलं. मी साक्षीदार म्हणून मान डोलवली.

“आंगणे, फुप्फुसाचा एक कोपरा गेला तरी उरलेलं तुमच्यासारख्या खेळाडूला पुरून उरतं,” ती म्हणाली. “दमावरून जंतू कळत नाही. आणि आता हे असलं काही करू नका. घरात मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.”

“पण मला कसा झाला? एवढी ताकद कमवली ती कुठे गेली? कमी पडली?”

“कमी नाही पडली. बेताल झाली.” तिने खुर्ची पुढे ओढली. “हा जंतू छातीत शिरला की आपल्या अंगातल्या पेशी धावत येतात. खूप जणांमध्ये काय होतं, त्या जंतूभोवती घट्ट कडं करतात. गाठ बांधतात म्हणा. जंतू आत कोंडून पडतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पण काही जणांचं शरीर जास्त चिडतं. पेशींच्या झुंडी येतात, फुटतात, जंतूला मारायला जे जहर असतं ते आजूबाजूला सांडतात. त्यात फुप्फुसच विरघळतं. जंतू स्वतः मोडतोड फारशी करत नाही, हा खड्डा बराचसा तुमच्याच सैन्याने खणलाय. आणि खड्डा पडला की जंतूला मोकळं रान.”

“माझंच शरीर चिडलं? का पण?”

“ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. साखर असेल, तंबाखू असेल, खाण्याची आबाळ असेल, तर धोका वाढतो. तुमचं तसं काही निघालं नाही. तरी झालं.” मग ती कालिंदीकडे वळली. “तुमचीही तपासणी करायला हवी. घरातल्या सगळ्यांची करतो.”

कालिंदीची तपासणी झाली. एक्स-रे लख्ख, खोकला नाही, ताप नाही. पण हातावर, कोपराच्या खाली सुई टोचून जी चाचणी करतात ती पॉझिटिव्ह आली. जंतू तिच्याही छातीत शिरला होता. शिरला आणि कोंडला गेला. आजार नाही, कोणाला लागण व्हायची भीती नाही. पुढे कधी जंतूने डोकं काढू नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, तीन महिने.

कालिंदी म्हणाली, “म्हणजे डॉक्टर, माझ्याकडे साखळी झाली आणि ह्यांच्याकडे मारामारी?”

अनुजाला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. साखळी म्हणजे हातात हात धरून चढाईवाल्याला घेरणं, हे तिला मी समजावून सांगितलं. तिला ते एवढं आवडलं की ती खुर्चीत मागे रेलून हसली. “अगदी तेच!”

जयवंत हसला नाही. जन्मभर पकड शिकवलेला माणूस तो. आणि साखळी बांधली कोणी? चौथ्या कबड्डीला दम तुटणाऱ्या बायकोने.

बाहेर पडताना कालिंदीने मला बाजूला घेतलं. “काका, चाळीत ह्यातलं तुम्ही काही बोलायचं नाही. ह्यांना लागलंय ते. बोलायचं तर ह्यांनीच बोलायचं.”

मी शब्द दिला. देऊन बसलो! वाचकहो, पिशवीत ताजे बोंबील घेऊन मांजरांच्या गल्लीतून जाण्यासारखे माझे पुढचे महिने गेले.

जयवंतला टीबी झालाय हे लपणार नव्हतंच. रजा होती, मास्क होता, गोळ्यांची पाकिटं होती. चाळीने प्रेमाने वागवलं हे कबूल करतो. मीराबाईंनी पायाचं सूप पाठवलं, हितेंद्रने अंड्यांचा ट्रे आणला. पण प्रेमाच्या खालून प्रश्न वाहत होता, की असा माणूस आजारी पडलाच कसा?

त्याचं उत्तर बिचाऱ्या कालिंदीनेच आणून दिलं. नळावर ती मीराबाईंना सरळ मनाने म्हणाली, “मावशी, माझीही टेस्ट पॉझिटिव्ह आली. मला काही झालं नाहीये, पण गोळ्या घेतेय. तुम्हाला खोकला आला तर तुम्हीही बघून घ्या हं.”

करोनाने आपल्या लोकांना बाकी काही शिकवलं असेल-नसेल, पॉझिटिव्ह म्हणजे काय ते पक्कं शिकवलंय. पुढचं वाक्य मीराबाईंनी ऐकलंच नाही. घागर भरायच्या आत त्यांचा हिशेब जुळला होता. दम कोणाचा तुटला? हिचा. अंगाने काडी कोण? ही. गोळ्या कोण घेते? ही. मग आधी कोणाला होता?

“तेचा दम तिना खाल्ल्यान गो!” तळमजल्यावर निकाल लागला.

कुजबुज वर पोचायला वेळ लागत नाही. कालिंदीला कळलं. ती जयवंतकडे बघत राहिली, की हा आता काहीतरी बोलेल. जयवंतनेही ऐकलं होतं. तो खिडकीतून टॉवर बघत बसला. एकदा मी त्याला म्हटलं, “अरे, एक वाक्य टाक ना खाली.” तर म्हणतो, “काका, लोकांना काय, चार दिवस बोलतील.”

खरी गोम मला दिसत होती. बायकोने पोखरला म्हटलं की गडी वाघच राहत होता. स्वतःच्याच अंगाने घोळ घातला म्हटलं की मिजास गेली. कुजबुज त्याच्या सोयीची होती. सोयीची गोष्ट माणूस खोडत नाही, नुसता मान खाली घालतो.

मग जानेवारीत पूजेची मीटिंग आली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, नेहमीसारखी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. वर्गणी ठरली, भटजी ठरले, झेंड्याची दोरी नवी आणायची ठरली. आणि मीराबाईंनी खाकरून घेतलं.

“मी काय म्हणतंय, यंदा शिरो भायरसून आणूया. कालिंदीक कित्याक तरास?”

“मला त्रास नाही, मावशी,” कालिंदी दारातून म्हणाली.

“तसा नाय गो. पोराबाळांचा खाणा. तुझा बरा होवंदे, मगे पुढच्या वर्षी बघूया. तवसर टोप कमिटीकडे ऱ्हवांदे.”

हितेंद्र पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. आज टोप गेला की सव्वीस तारखेच्या हळदीकुंकवाला तिच्या हातचं कुंकू कोण लावून घेणार? मग नळावर तिच्या मागे बादली कोण ठेवणार? हे सगळ्यांना कळत होतं आणि सगळे जमिनीकडे बघत होते.

कालिंदी आत गेली. परत आली ती दोन्ही हातांनी टोप छातीशी धरून. चिंचेने घासलेला, पिवळाधमक. तो तिने मीराबाईंसमोर ठेवला नाही, हितेंद्रसमोर ठेवला नाही. नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

“घासलाय आतून-बाहेरून,” ती त्याला म्हणाली. “तुम्हीच द्या. तुमच्या आईने दिला होता.”

जयवंतने टोपाकडे बघितलं. टोपात त्याचाच चेहरा दिसत असणार, वाकडातिकडा. तो उठला.

“टोपाला कोणी हात लावायचा नाही. हित्या, खुर्च्या मागे घे. रांगोळीचा खडू आहे का कोणाकडे?”

खडू आला. त्याने गॅलरीत आडवी रेघ मारली. “हे फुप्फुस. हित्या, शेजारचा विनीत, अजून तिघं-चौघं, इकडे उभे राहा. तुम्ही माझ्या अंगातल्या पेशी. आता जंतू पाहिजे.” त्याने चाळीवर नजर फिरवली. “मीराबाई, या.”

“मेल्या, मी जंतू?”

“छातीत शिरायला तुमच्यापेक्षा पटाईत कोण आहे इथे?”

गॅलरी हादरेल एवढं हसू उठलं. मीराबाई सत्तरीच्या, पण बोलावणं आलं आणि मागे राहिल्या, असं कधी झालं नाही. पदर खोचला आणि रेघ ओलांडून आल्या.

“आता साखळी,” जयवंत म्हणाला. “हात धरा. धावायचं नाही, ओरडायचं नाही. हळू घेरा.” गड्यांनी हातात हात धरून मीराबाईंभोवती कडं केलं. त्या डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या, वाट नाही. “बघितलंत? जंतू आत आहे, पण कोंडलेला. कोणाला त्रास नाही, कोणाला लागण नाही. ही माझी बायको. हिचं पॉझिटिव्ह म्हणजे हे.”

मीराबाई कड्याच्या आतून म्हणाल्या, “मगे गोळये कित्याक खाता ती?”

“उद्या कोणाचा हात सुटला तर? त्याआधीच तुम्हाला बाद करायला.”

“अरे देवा!”

“आता दुसरा डाव. हा मी. मीराबाई, तुम्ही परत शिरा. आणि तुम्ही सगळे, साखळी-बिखळी नाही. मी ‘हां’ म्हटलं की जोर लावून एकदम झडप घाला. रेघ सोडून जायचं नाही. आणि म्हातारीला लागता कामा नये.”

“हां” म्हटल्याबरोबर काय झालं ते मी मन लावून बघितलं, कारण असं पुन्हा बघायला मिळायचं नाही. सगळे एकदम सुटले. हितेंद्र विनीतवर, विनीत चपलांच्या रॅकवर. दोन खुर्च्यांचे पाय गेले. तुळशीची कुंडी लवंडली. कपड्यांची दोरी तुटून एकाच्या गळ्यात साड्या पडल्या. हितेंद्रचा चष्मा थेट खाली चौकात. आणि या ढिगाच्या बाजूने मीराबाई पदर सावरत, केसाला धक्का न लागता, चालत पलीकडे गेल्या.

“बघा,” जयवंत मोडलेल्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाला. “जंतू मोकळा, मैदान मोडलं. माझ्या छातीत हे झालं. माझ्याच गड्यांनी केलं. कालिंदीने नाही.”

त्याने हातातला खडू कठड्यावर ठेवला.

“हे मला दिवाळीपासून माहीत होतं. तिच्या नावावर खपत होतं, मी खपू दिलं. लाज वाटत होती. बास.” आणि तो खाली बसला. दम लावून आल्यासारखा धापा टाकत होता.

कालिंदीने उलटलेली कुंडी उभी केली आणि हाताने माती आत भरली.

मीराबाईंनी माफी मागितली का? मीराबाईंना ओळखत नाही तुम्ही. त्या वाकल्या, टोप दोन्ही हातांनी उचलला आणि तुरुतुरु चालत कालिंदीच्या स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. बाहेर येऊन म्हणाल्या, “यंदा तूप सढळ घाल. गेल्या वर्षी कोरडो झाल्लो.”

“गेल्या वर्षी तुम्ही तीनदा घेतलात, मावशी,” कालिंदी म्हणाली.

“कोरडो होतो म्हणानच! घशात अडाकलो, मगे पुन्ना घेतलंय.”

सव्वीस तारखेला शिरा झाला. केळं थोडं जास्त पडलं होतं, पण मी बोललो नाही. शब्द पाळायची सवय लागली होती. मीराबाई रांगेत पहिल्या उभ्या होत्या, आणि नंतर एकदा मधेही दिसल्या. हितेंद्रने नव्या चष्म्यातून झेंडा उलटा तर नाही ना हे दोनदा तपासलं. जयवंतने मुकाट्याने प्रसादाचे द्रोण वाटले.

तो दम अजून लावतो का, असं पोरं विचारतात. लावत नाही. अनुजा डॉक्टरने बघायला सांगितल्याप्रमाणे उन्हाळ्यात थुंकी पुन्हा तपासली, जंतू निघाला नाही. खड्ड्याच्या जागी वण राहिलाय. हल्ली तो पोरांना चढाईपेक्षा साखळी जास्त शिकवतो, आणि घाई करणाऱ्याला बाहेर बसवतो.

कुजबुजीचं विचाराल तर खरं एवढंच आहे. कालिंदीला टीबी कधीच झाला नाही. तिच्या छातीत जंतू शिरला होता, तो तिथेच अडकून पडला. जयवंतला टीबी झाला होता, तो सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा झाला. त्याला जंतू कोणाकडून लागला ते कळलेलं नाही.